भोंग्यानं घेतलेली चाल

बाबा,

रोज दुपारचा चहा झाला की मी आपल्या मधल्या खोलीत वाजवायला उभी राहते आणि गल्लीतली माणसं आपापल्या दारात येऊन उभी राहतात. टाळ्या वाजवायला कोणी येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. खरं तर ऐकायलाही येत नाहीत. आज होतंय का, एवढंच पाहायला येतात. समोरच्या काकू, ज्यांच्याशी नळाच्या पाण्यावरून तुमचं शेवटपर्यंत पटलं नाही, त्या तर पदराच्या टोकाला तुळशीची पानं बांधून येतात. आई पलंगावर उशांना टेकून बसलेली असते. केस विंचरलेले, लुगडं नीट, डोळे मिटलेले. आणि मी तुमची मुलगी, पन्नाशीकडे झुकलेली, हैद्राबादच्या कॉलेजात पोरांना पदार्थविज्ञान शिकवणारी, तारांना हात लावण्याआधी तळहात पुसून घेते. मला भीती वाटते, बाबा. ही भीती कोणाला सांगावी ते कळेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही गेलात त्याला वीसेक वर्षं होऊन गेली. पण हे सगळं तुमच्यापासून सुरू झालंय, तेव्हा आता ऐकून घ्या.

आधी मी काय वाजवते ते सांगते, कारण तुम्ही होतात तेव्हा माझं हे काही नव्हतं. हैद्राबादला आमचा चौघांचा जॅझचा गट आहे. जॅझ म्हणजे काय हे समजावायला गेले असते तर तुम्ही म्हणाला असता, म्हणजे ठरलेलं वाजवत नाहीत तर. आणि थोडंफार तसंच आहे. एक चाल असते, ती आधी सगळ्यांनी मिळून सांगायची, मग एकेकाने तिच्याशी आपापल्या मर्जीने खेळायचं आणि शेवटी पुन्हा तिच्यावर यायचं. मी त्यात डबल बास वाजवते. माणसाहून उंच लाकडी वाद्य, चार जाड तारा, बोटांनी ओढून वाजवायच्या. काम तुमच्या भोंग्याचंच. वर सॅक्सोफोन मिरवत असतो, पियानो गप्पा मारत असतो आणि मी खाली पावलं टाकत राहते. कोणी लक्ष देत नाही, पण मी थांबले तर सगळे धडपडतात. तुम्ही दिवसा जिनिंग मिलमध्ये आणि लग्नसराईत बँडमध्ये असायचात, तेव्हा तुमचं ते पितळी युफोनियम, ज्याला आपल्या घरात भोंग्याशिवाय दुसरं नाव नव्हतं, तेही हेच करत होतं. मी मोठेपणी इतकी वाद्यं सोडून हे का उचललं, असं लोक विचारतात. मी हसून टाळते. तुम्हाला टाळायची गरज नाही.

तर यंदा आमच्या पियानोवाल्याने एक नवी रचना बांधली आणि तिची चाल सरळ बासला देऊन टाकली. एखाद-दुसरा तुकडा नव्हे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पियानो मधूनमधून दोन शब्द बोलतो, ड्रमवाला काठ्या ठेवून नुसते ब्रश फिरवतो, सॅक्सोफोन बराच वेळ गप्प. आणि चाल कसली, तर सात मात्रांची, त्यात मध्येच एक तुकडा पाच मात्रांचा, म्हणजे पाय ठेवायला जावं आणि पायरी नसावी. सुरुवात सगळ्यांत जाड तारेवर. तिथून चढत चढत पार इतक्या वर जायचं की तिथे बास वाजवणारे सहसा फिरकत नाहीत, अंगठाच तारेवर आडवा टाकावा लागतो. आणि तिथून एका उडीत परत तळाला. ती उडी म्हणजे त्या रचनेची अवघड जागा. वाटेत टेकायला काही नाही. बोट केसभर इकडेतिकडे पडलं की झालेली चूक शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळते. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे. लोक म्हणतात, बासवालीला असा मान कधी मिळत नाही. पण लिहिलेले कागद हातात पडले तेव्हा मला आनंद झाला नाही. मला तुमचा फेसाळ साबणाने माखलेला चेहरा आठवला.

तो दिवस तुम्हाला आठवतो का? तुम्ही स्वयंपाकघरात सराव करायचात, कारण बाहेरच्या खोलीत वाजवलं की समोरच्या काकू खिडकी आपटायच्या. मला ते अजून दिसतं. तुम्ही मिलमधून आलेले असता, भुवयांवर कापसाची पांढरी भुरी तशीच. चहा घेऊन पाटावर बसता, भोंगा मांडीवर घेता आणि एकच सूर धरता, लांब, श्वास संपेपर्यंत. मांडणीवरच्या ताटल्या थरथरायला लागतात. आई भाकरी थापता थापता ओरडते, "वो, माह्या वरणात तुमचा आवाज पडून राह्यला, थांबा ना जरा!" तुम्ही हसता आणि मुद्दाम अजून खालचा सूर लावता, तेव्हा कपबश्याही बोलायला लागतात. त्या दिवशी तुम्ही तोंड धुवायला मोरीत गेलात आणि मी भोंगा मांडीवर ओढला. शाळेतल्या प्रार्थनेची चाल. चारच सूर निघाले असतील. तुम्ही साबण लागलेल्या तोंडानेच आलात आणि भोंग्याच्या तोंडावर पालथा पंजा ठेवलात. तुम्ही मला कधी मारलं नाही, त्या दिवशीही नाही. पण तुमचा आवाज मी ओळखला नाही. "चाल घेऊ नको यावर," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, "काऊन?" तर म्हणालात, "घरात कोणी मेलं का?"

आपल्या बँडचा तो नियमच होता. लग्नात चाल क्लॅरोनेटची, मयतीत चाल भोंग्याची. गाणं कोणतं का असेना, भजन असो की सिनेमातलं. क्लॅरोनेट बंद, ट्रम्पेट बंद, ड्रमवर फडकं टाकलेलं आणि भोंगा एकटा चाल घेऊन पुढे. खालचा आवाज जमिनीवरून जातो आणि गेलेल्याला वाट दाखवतो, असं मास्तर म्हणायचे. ते क्लॅरोनेटवाले, बँडही त्यांचाच. अर्ध्या आदिलाबादला हा नियम ठाऊक होता, मराठी असोत की तेलुगू. लांबून भोंग्याची चाल आली की बायका भाजीच्या गाड्यापासून बाजूला व्हायच्या, ऑटोवाले इंजीन बंद करायचे. कोणाची आहे हे मागाहून कळायचं. कोणीतरी गेलं, हे आधी.

आणि मग ते लग्न झालं. आईच्या माहेरकडचं होतं, तलमडुगुच्या पलीकडच्या गावात, म्हणून आपण सगळेच गेलो होतो. वैशाखातली भर दुपार. नवरदेव मारुतीच्या देवळातून घराकडे निघालेला. मास्तरांना ऊन लागलं आणि ते क्लॅरोनेट हातात घेऊनच रस्त्यात खाली बसले. ती चाल तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला पुरती येत नव्हती. वरात अडली. नवरदेवाचा मामा तुमच्या अंगावर धावून आला, "अरे वाजवा ना बे! मुक्यानं न्यायचं का नवरदेवाले?" तुम्ही मास्तरांच्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवलात, एकदा आकाशाकडे पाहिलंत आणि भोंगा उचलून नाचायच्या गाण्याची चाल धरलीत. काय वाजवलंत, बाबा! मी तुम्हाला समोर उभी राहून चाल वाजवताना जन्मात एकदाच ऐकलं, ते तेव्हा. पोरं आधी थबकली, एकमेकांकडे पाहू लागली, मग नाचायला लागली. तुमच्या गळ्याच्या शिरा फुगलेल्या, आणि तुम्ही खूश होता. मी पाहत होते. इतकं खूश मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं.

नवरदेवाची आजी घरीच होती. तिला दिसत नव्हतं, म्हणून ओसरीवर बसवून सगळे देवळाकडे गेलेले. सोबतीला आई थांबली होती. म्हातारीने लांबून येणारी भोंग्याची चाल ऐकली आणि मान वर केली. "कोणाची मयत वो?" आई म्हणाली, "मयत नाई मामी, आपलीच वरात हाये." पण म्हातारीचे कान जन्मभर एकच गोष्ट शिकलेले. आवाज घराकडेच येत होता, आणि घरात तिच्याहून म्हातारं कोणी नव्हतं. "मंग माहीच असंल," ती म्हणाली. रडली नाही, घाबरली नाही. आईकडून पाणी मागून घेतलं, तोंड धुतलं, निऱ्या पायांवर सारख्या केल्या आणि चटईवर आडवी झाली. वरात दारात पोचली तेव्हा ती गेलेली होती. आईने तिच्या अंगावर चादर ओढली आणि मंडपात अक्षता पडेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलं की म्हणायची, "मामीचा डोळा लागला." लग्न पार पडलं. हे धैर्य म्हणायचं की काय म्हणायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या दुपारी आईने मरण जवळून पाहिलं, अगदी हात लावून पाहिलं, आणि तेव्हापासून तिला त्याची भीती उरली नाही. भीती तुम्ही घेतलीत.

तुम्हाला कोणी बोल लावला नाही. पिकलं पान होतं, सुखानं गेली, असंच सगळे म्हणाले. तरी तुम्ही मयतीला जाणं सोडलंत. लग्नात जायचात, खालचे दोन-तीन सूर भरायचात आणि घरी आल्यावर भोंगा गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकायचात. स्वयंपाकघरातला सराव संपला. ताटल्या गप्प झाल्या. आणि मग कापसाच्याच हंगामात एक दिवस तुमच्या छातीत कळ आली आणि तुम्ही दवाखान्यापर्यंतही पोचला नाहीत. मास्तर आले. थकले होते. त्यांनी स्वतः माळ्यावरून भोंगा काढला, ओठाला लावला. नुसती हवा आली. दुसऱ्या कोणाला तो येतच नव्हता. मग फडकं टाकलेल्या ड्रमवर सगळं आटोपलं. ज्याने गावातल्या इतक्या लोकांना वाट दाखवली त्याला कोणीच दाखवली नाही, हे आईच्या मनात तेव्हा जे रुतलं ते रुतलंच. मी म्हणायचे, आई, असं काही नसतं. ती म्हणायची, "तुले काय मालूम?"

आता यंदाचं सांगते. दिवाळीनंतर आईचं हृदय थकलंय असं डॉक्टर म्हणाले. पायांना सूज, चार पावलांत धाप. औषधं आहेत, पण आता घरीच न्या, असं म्हणाले, आणि हे वाक्य डॉक्टर कधी बोलतात ते आपल्याला समजतं. मी कॉलेजातून रजा घेतली. कार्यक्रम तोंडावर, म्हणून डबल बासही सोबत घेतला. भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर आडवा टाकला, त्याची मान माझ्या आणि ड्रायव्हरच्या मधून पुढे आलेली. निर्मलचा घाट चढेपर्यंत ड्रायव्हर त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहत होता. दारात आम्ही दोघांनी त्याची काळी लांबलचक पेटी उतरवली आणि समोरच्या काकू पायात चप्पल न घालता धावत आल्या. "फ्रीजर आणला का वो? कधी गेल्या?" मयत ठेवायची ती भाड्याची पेटी वाटली त्यांना. मी इतकी चिडले की रस्त्यातच पेटी उघडून दाखवली. आतून आई ओरडून म्हणाली, "नाई गेली अजून! या, चहा घ्या!" काकू आल्या आणि चहा प्यायल्या, पण जाईपर्यंत त्यांची नजर त्या पेटीवरच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा डोळा लागलाय असं पाहून मी सरावाला उभी राहिले. अगदी हळू, जाड तारेवरून सुरुवात. स्वयंपाकघरातून ताटल्यांची थरथर ऐकू आली. त्यात आश्चर्य नाही, खालच्या सुरांनी पत्रा हलतो, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. मी वर चढत गेले आणि पाठमोरीच होते, तेव्हा दार वाजलं. दारात काकू, त्यांच्यामागे पलीकडच्या तेलुगू मास्तरीणबाई, त्यांच्यामागे किराणा दुकानवाला, शटर अर्धं ओढून आलेला. कोणी विचारलं नाही. पदर डोक्यावर घेतलेले. इतक्या वर्षांनी, बाबा, बँड मोडून गेला, मास्तर गेले, तरी त्यांना नियम आठवत होता. मी म्हणाले, अहो, हे हैद्राबादच्या एका पोराने पियानोवर बांधलेलं गाणं आहे. काकू म्हणाल्या, "असंल. पण चाल तर भोंग्यानंच घेतली ना?" मी वळून पाहिलं तर आई उठून बसली होती. कित्येक दिवसांत आधाराशिवाय बसली नव्हती ती. तिचे डोळे लखलखत होते.

"पुरं वाजव," ती म्हणाली.

मी म्हणाले, अजून बसलेलं नाही, एक जागा अवघड आहे. "मंग बसव ना. तुह्या बापाच्या येळेस नाई झालं ते माह्या येळेस होऊ दे. मी जाताना त्याईले बी घेऊन जाईन." कुठून घेऊन जाशील, मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "कुठून म्हंजे? सैपाकघरातून. तिथंच तर हायत. तुले ताटल्या ऐकू नाई येत का? तू वाजवत नसली तरी वाजतात त्या." मी तिला सांगितलं की कापसाचा हंगाम आहे, मार्केट यार्डाकडे दिवसभर ट्रक जातात, त्यांच्या धक्क्याने घर हलतं. तिने माझ्याकडे अशा मायेने पाहिलं की मला रडू आलं. नंतर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. रस्त्यावर तेव्हा ट्रक होता की नव्हता, ते मी बाहेर जाऊन पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. पोरांना मी हेच शिकवते, आधी पाहा, मग बोला.

मी ठरवलं, वाजवायचंच नाही. पेटीची कडी लावली. त्या दिवशी आई भिंतीकडे तोंड करून निजली. चमचा ओठाला लावला तर ओठ घट्ट. गोळी जिभेखाली ठेवली तर थुंकून टाकली. "नाई ना वाजवत? मंग मी कशाले उठून बसू?" असं दीड दिवस. श्वास असा व्हायला लागला की मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तयारी ठेवा. मी पेटी उघडली. पहिला खालचा सूर काढला आणि ती कुशीवर वळली, म्हणाली, "केस विंचरून दे आधी." मी विंचरले. मग वाजवलं. वरपर्यंत गेले, उडी घेतली आणि चुकले. आवाज बेसूर, उघडा, भिंतीवर आपटल्यासारखा. आईने डोळे उघडले. "चुकलं?" "चुकलं, आई." "बरं. उद्या पाहू." आणि तिने दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली, वर लिंबाचं लोणचं मागितलं. तेव्हापासून आमचं हेच चाललंय. सकाळपासून ती दुपारची वाट पाहते. वाट पाहायची म्हणून औषध घेते, वाट पाहायची म्हणून जेवते. मी उडी चुकते. ती म्हणते, उद्या.

पण घर भरत चाललंय, बाबा. आईच्या माहेरचे कोणी आहेत, भीमपूरकडचे कोणी आहेत. भोंगा वाजून राह्यला, असं कोणी सांगितलं म्हणून पिशव्या घेऊन आलेत. कोणी परत जायचं नाव काढत नाही. ओसरीवर बसतात, हळू आवाजात बोलतात, मी जवळ गेले की बोलणं थांबतं. कोपऱ्यात बांबू दिसले मला, मी विचारलं तर एकजण म्हणाले, मांडव घालायला आणले, ऊन लागतं. कडाक्याची थंडी पडली आहे. दुपारी मी उभी राहिले की गल्लीत कुकरची शिट्टी होत नाही, टीव्ही बंद होतात, कुत्रंसुद्धा भुंकत नाही. इतकं शांत सभागृह मला हैद्राबादला कधी मिळालं नाही. मी चुकले की सगळी गल्ली एकदम श्वास सोडते, आणि तो सुटकेचा आहे की कंटाळ्याचा, हे मला आता ओळखता येत नाही. पियानोवाल्याचा फोन येतो. परवा म्हणाला, ती एकच उडी त्रास देतेय ना, तर तेवढी सॅक्सोफोनला देतो, तुम्ही खालीच राहा. मी त्याच्यावर एवढी ओरडले की तो बिचारा माफी मागायला लागला. त्याचा काय दोष? पण ती जागा कोणाला द्यायची नाही मला.

आई थकलीय. हे मी कालपरवापर्यंत स्वतःला सांगत नव्हते. आता बसवलं तरी मान कलते, बोलताना दोन शब्दांमध्ये थांबते. परवा केस विंचरताना माझा हात धरून म्हणाली, "लानपणी बी अशीच होती तू. सण संपू नये म्हून शेवटचा घास ताटात फिरवत राह्याची. मंग तो थंडा होऊन जाये, आणि तूच रडे." मी तिची वेणी घालत राहिले, आणि तिचे केस इतके विरळ झालेत की तीन पेड घालायला पुरत नाहीत.

मला माझी आई हवी आहे, बाबा. एवढंच आहे. आणि खरं सांगू, तुम्हीही हवे आहात, तिथे, स्वयंपाकघरात, ट्रक असोत की नसोत. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. लिहून झालं की पेटीच्या खिशात जादाच्या जाड तारांसोबत घडी करून ठेवीन. बाहेर काकू आल्या आहेत, चहाची कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. आईने हाक मारलीय.

एक तेवढं तुम्हाला सांगून ठेवते, दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. ती उडी मला येते. हैद्राबादहून निघायच्या आधीपासून येते. बोट आपोआप जागेवर जातं, त्याला ओढून बाजूला न्यायलाच रोज जोर लागतो. काल ते मला वेळेवर हलवता आलं नाही. खरा सूर लागला आणि मग मी चुकले. आई डोळे न उघडताच हसली.